मुशीचा पंचनामा

मुशी दारू पीत नाही. ही गोष्ट खरं म्हणजे कोणाला सांगावी लागू नये. पण मला ती वर्ध्यात एका सरकारी कचेरीत उभं राहून, पदर खोचून, चांगली मोठ्यानं सांगावी लागली, आणि ती खोटी ठरवायला तिथं चार माणसं टपून बसली होती. मुशी म्हणजे समुद्रातला हातभर लांबीचा मासा, शार्कच्या कुळातला. तो खाऱ्या पाण्यात जन्मतो, खाऱ्या पाण्यातच मरतो, आणि मेल्यावर त्याला कोणी स्पिरिटमध्ये ठेवलं तर त्यात त्याचा काय दोष? माझा तर त्याहूनही कमी होता. हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

मी मुलींच्या शाळेत सायन्स शिकवायची. शिकलेली होते इंटरपर्यंतच, पण कणकेचं हृदय करून पोरींना त्याचे कप्पे उघडून दाखवायची, आणि त्या पोरी ते जन्मात विसरायच्या नाहीत. मग वरून हुकूम आला की सायन्सचा वर्ग बी.एस्सी. झालेल्यानंच घ्यायचा, बाकीच्यांनी शिवण घ्यावं, नाहीतर सूतकताई. सूतकताईविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. आमच्या जिल्ह्यात राहून तसं म्हणणं असूही नये. पण माझं सूत तुटतं. आणि जिला हृदयाचे कप्पे कळतात तिनं जन्मभर तुटलेलं सूत जोडत बसावं, हे मला मान्य नव्हतं. म्हणून चांगली संसारी बाई असताना मी गावातल्या नव्या कॉलेजात नाव घातलं. सकाळी कॉलेज, दुपारी शाळा, आणि मधल्या वेळात सासूबाईंचे टोमणे.

शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरी अण्णाजी. त्यांनी कॉलेजला परवानगी दिली, पण अट घातली: यंदाच पास व्हायचं. नाहीतर सायन्सचा वर्ग नरहरला. नरहर म्हणजे अण्णाजींच्या साडूचा मुलगा, हिंगणघाटला घरी बसून होता. तो बी.एस्सी. होता हे खरं. पण भिंतीवर पाल दिसली की खुर्चीवर चढायचा, हे त्याच्या सख्ख्या आईनं मला हळदीकुंकवाला सांगितलं होतं.

तर त्या वर्षी आम्हाला 'तुलनात्मक शरीररचना' हा विषय होता. पाठीचा कणा असलेले प्राणी ओळीनं कापायचे आणि एकाचं दुसऱ्याशी ताडून पाहायचं: मासा, बेडूक, सरडा, कबूतर, ससा. माशाच्या हृदयाला दोन कप्पे, बेडकाच्या तीन, सशाच्या चार. मला हा विषय फार आवडला, कारण आमच्या आळीत तोवर तुलना फक्त सुनांची होत असे. वर्गात आठ पोट्टे आणि मी. ते मला 'काकू' म्हणत, आणि काकूचा मान राखायचा म्हणून टेबलाच्या अगदी शेवटचं स्टूल मला देत. आख्ख्या वर्गात मुशी एक, तीही फॉर्मलिनमध्ये राहून राहून लाकूड झालेली. तिच्या डोक्याकडे ही पोरं, शेपटीकडे मी. मुशीच्या शेपटीत शिकण्यासारखं काही नसतं. परीक्षेत विचारतात ते डोकं: कवटी तासून मेंदूतून निघणारे मज्जातंतू उघडे करून दाखवायचे, एकही न तोडता.

एके दिवशी आमचे सर चष्मा पुसू लागले. सर फार भिडस्त. चष्मा पुसू लागले की वाईट बातमी आहे असं समजावं. यंदा कॉलेजच्या मुशी येणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. नोव्हेंबरात आम्ही वर्धेकर मध्य प्रदेशात झोपलो होतो आणि मुंबई राज्यात उठलो होतो. त्या गडबडीत मुशींची मंजुरी नागपूर आणि मुंबई यांच्यामध्ये कुठंतरी अडकून पडली होती.

"मग परीक्षेत?" मी विचारलं.

"मुशीच्या प्रश्नाला शून्य," सर म्हणाले. "सगळ्यांनाच."

पोट्टे खाली बघत बसले. त्यांचं काय, ते पुढल्या वर्षी पुन्हा बसले असते. मला पुढलं वर्ष नव्हतं. मी म्हटलं, "मी बघते."

हे दोन शब्द बोलून ज्या बायकांचं भलं झालं आहे त्यांनी मला अवश्य कळवावं.

माझा मामेभाऊ माणिक मुंबईत औषधांच्या कारखान्यात होता. ताईचा निरोप गेल्याबरोबर त्यानं बंदरावर जाऊन डझनभर मुशी मिळवल्या, आणि फॉर्मलिननं ताईचे डोळे चुरचुरतील म्हणून कारखान्यातल्या स्पिरिटमध्ये बुडवल्या. पत्र्याचा डबा झाळून घेतला, वर लाकडी खोकं ठोकलं, आणि खोक्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'मासे. स्पिरिटमध्ये. सांभाळून.' मुंबईलाही तेव्हा दारूबंदीच होती. कारखान्याकडे परवाना होता. पण परवाना कारखान्याच्या फाटकापाशी संपतो, हे त्या प्रेमळ पोराला कोणी सांगितलं नव्हतं. डबा गळका निघाला. वर्ध्याला पार्सल ऑफिसात असा काही वास सुटला, की मालगाडीचा एक गार्ड म्हणे काही काम नसताना तिथं पुन्हापुन्हा येऊन जाऊ लागला. मग कोणीतरी दारूबंदीच्या कचेरीत वर्दी दिली.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. आमचे हे, म्हणजे प्रभाकरराव, त्याच कचेरीत कारकून होते.

ह्यांचं अक्षर मोत्यासारखं. कागदाची नक्कल करताना हे मजकूर वाचत नाहीत, नुसता उतरवतात; वाचलं की अक्षर बिघडतं असं ह्यांचं मत. त्या दिवशी ह्यांनी इन्स्पेक्टरसाहेबांच्या गिचमिड मसुद्यावरून एका बाईच्या नावचं समन्स उतरवलं. बाई आपल्याच आळीतली आहे एवढं लक्षात आल्यावर, कवडू शिपायाला कशाला चक्कर म्हणून ते स्वतःच पिशवीत घालून घरी आणलं. घरी चहा पिता पिता सहज काढून वाचलं. कपातला चहा बशीत गेला आणि बशीतला धोतरावर.

"अगं," हे म्हणाले, "हे तर तुझंच नाव आहे."

मी कागद हातात घेतला. 'इंदिरा भ्र. प्रभाकर, सदरहू आरोपी...' इतक्या सुंदर अक्षरात ह्यांनी मला लग्न ठरल्यावरसुद्धा काही लिहिलं नव्हतं.

सासूबाई, म्हणजे आनंदाबाई, स्वयंपाकघरातून आल्या. "काय झालं रे बापू?"

"आई, हिच्या नावानं दारू आली आहे."

"बाप्पा!" सासूबाई मटकन खाली बसल्या. "अन् मी आतापावतर नुसत्या माशाले रडून राह्यली होती!"

बातमी आळीत पोचायला वेळ लागला नाही. सर्वांत आधी शेजारचे पुंडलिकराव आले. ते तहसिलीतून निवृत्त झालेले, त्यामुळे देशातला प्रत्येक कायदा त्यांच्या देखत झाला अशा थाटात बोलत. त्यांच्यामागून त्यांच्या शोभाबाई आल्या.

"हे पाहा बाई," पुंडलिकराव म्हणाले, "पार्सल नाकारून टाका. 'माझं नाई' म्हणून एक ओळ लिहून द्या. माल बेवारशी झाला. बेवारशी माल जाळून टाकतेत. मामला खतम."

"अन् कोनी इचारलंच," शोभाबाई म्हणाल्या, "त सांगा खोकल्याचं औषध होतं."

"डझनभर मासे घातलेलं?"

"मंग म्हना माशाचं तेल!"

आळीतल्या साऱ्यांचा सल्ला एकच: नाकारा. सायंकाळी ह्यांनीही मान खाली घालून तेच सुचवलं. ह्यांची नोकरी जायची भीती होती, हे मला कळत होतं. सल्ला व्यवहाराचा होता हेही कळत होतं. पण नाकारलं की मुशी जळणार, मुशी जळल्या की शून्य, आणि शून्य मिळालं की नरहर. राग आला की माझी शाळेतली भाषा गळून पडते आणि माहेरची, सिंदीची, बाहेर येते.

"मी काऊन नाकारू?" मी म्हटलं. "मी का चोरी करून राह्यली? पार्सल माझं आहे. मुशी माझ्या आहेत. ज्याले स्पिरिट पाह्यजे त्यानं स्पिरिट न्यावं, माझे मासे मले द्यावे!"

पंचनाम्याला मला बोलावलं. इन्स्पेक्टर मधुकरराव नवे होते. आतापर्यंत त्यांनी खेड्यापाड्यांतली मोहाची मडकी तेवढी पकडली होती, तीही पेटलेल्या भट्टीसकट, त्यामुळे वास घेऊन खात्री करायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. पंच म्हणून गावातली दोन प्रतिष्ठित माणसं हवी होती. एक पुंडलिकराव. दुसरे अण्णाजी आपण होऊन आले, आणि ते कशासाठी आले ते मला बरोबर कळलं.

कवडूनं छिन्नीनं डब्याचं तोंड उघडलं. कचेरीभर वास पसरला.

"घ्या वास," साहेब म्हणाले. "अन् पंच म्हणून सांगा, ही दारूच आहे ना?"

पुंडलिकरावांनी डब्यावर वाकून वास घेतला. चांगला खोल घेतला. बोलायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. आपण कशावर पाय ठेवतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"दारूचा वास कसा असते," ते म्हणाले, "हे मले कसं माहीत असन साहेब? मी का कधी घेतली आहे?"

साहेबांनी डबा अण्णाजींकडे सरकवला. अण्णाजी दारूबंदीच्या सभांचे कायमचे अध्यक्ष. ते दोन पावलं मागे सरले. "मले त माशाचाही वास ओळखू येत नाई," ते म्हणाले. "आमच्या घरी सात पिढ्यांत मासा नाई."

"मग ही दारू नाही, असं लिहू?"

"नाई कसं लिहिता?" अण्णाजी दचकून म्हणाले. "नाई म्हणाले तरी दारू कशी असते ते माहीत पाह्यजे ना!"

साहेबांनी कवडूकडे पाहिलं. कवडूनं आपल्याला सर्दी झाल्याचं जाहीर केलं. आमचे हे भिंतीकडे तोंड करून टाक पुसत बसले होते. साहेबांना स्वतः सांगता येत होतं, पण साहेबही सरकारी नोकर. आमच्या जिल्ह्यात दारू मिळत नसे असं मी म्हणणार नाही. ती ओळखणारा मिळत नसे.

"मी सांगते," मी म्हटलं. "हे स्पिरिट आहे. दवाखान्यात सुई टोचायच्या आधी दंडाला चोळतात ते."

"आरोपीचं म्हणणं यात येत नाई, बाई."

"मग मुशीला विचारा. मुशी दारू पीत नाही!"

"पीत नसन," साहेब म्हणाले, "पण तिच्यात मुरली आहे ना!"

शेवटी पंचनाम्यात लिहिलं, 'एक प्रकारचा वास.' नमुना सरकारी तपासणीला पाठवायचा ठरलं. तो पूर्वी नागपूरला जायचा, आता कुठं जातो ते वर विचारायचं होतं. आणि वर म्हणजे नागपूर की मुंबई, हेही कोणाला तरी विचारायचं होतं. तपासणी होईपर्यंत डबा सीलबंद. मुद्देमाल कचेरीबाहेर जाणार नाही. परीक्षा पुढल्या आठवड्यात होती.

पायऱ्यांवर अण्णाजींनी मला गाठलं. "बाई, मनाले लावून घेऊ नका. पण दारूच्या खटल्यातली बाई पोरींले शिकवून राह्यली म्हटल्यावर पालक काय म्हणतीन? सोमवारपासून नरहर वर्ग घेईन."

"आणि मी पास झाले तर?"

"मुशी त कुलपात आहेत," अण्णाजी म्हणाले, आणि छत्री उघडून चालू लागले.

मला रडू आलं. रडू आलं याचा मग जास्त राग आला, आणि तो राग घेऊनच मी घरी पोचले. स्वयंपाक केला तोही रागानं. भाजीत मीठ पडलं की नाही ते मला आठवत नाही, आणि त्या दिवशी ते विचारायची कोणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांना पान वाढलं. हे भातात वरण कालवत बसले, खाईनात.

"मुद्देमाल कचेरीबाहेर नेता येत नाही," हे ताटाकडे बघत म्हणाले.

"ऐकलं मी ते."

"बाहेर नेता येत नाही," हे पुन्हा, सावकाश म्हणाले. "आत त्याचं काय करू नये, असा कागद मी तरी अजून उतरवला नाही."

न वाचता उतरवणाऱ्या माणसाला हे कसं ठाऊक, असं मी विचारलं नाही. मला अजून उजेड पडत नव्हता. सासूबाई मात्र कडाडल्या. "मंग काय परीक्षाच घेता का त्या कचेरीत?"

त्यांनी टोमणा मारला होता. पण आम्ही दोघांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं, आणि सासूबाई आळीपाळीनं आमच्या तोंडाकडे बघू लागल्या. "मी काय म्हनलं असं?" त्या म्हणाल्या.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा इतका पुसला, की काच पातळ होते की काय असं वाटलं. पण वर्गातले पोट्टे उठून उभे राहिले. "काकू म्हणतेत तसंच करू, सर," ते म्हणाले. शेपटीकडे बसवलेल्या काकूला एवढं समर्थन मिळेल असं मला वाटलं नव्हतं. नागपूरहून येणारे परीक्षक तापट म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी सरांना कळवलं, की मासा कुठं कापता याच्याशी मला कर्तव्य नाही, संध्याकाळची गाडी चुकली नाही पाहिजे.

राहिले साहेब. त्यांच्यापुढं मी हात जोडले नाहीत. "तुमचा पंचनामा अडला आहे," मी म्हटलं. "अब्रूला धक्का न लागता हा वास ओळखील असा माणूस तुम्हाला पाहिजे. तो मी नागपूरहून आणते. तुम्ही डबा उघडा."

"अन् कापाकापी?"

"कापाकापी कसली? मुद्देमालाची तपासणी."

हा शब्द साहेबांना आवडला. त्यांनी तो आणखी एकदा स्वतःशी म्हणून पाहिला, आणि दोन्ही पंचांना पुन्हा बोलावणं धाडलं.

परीक्षेच्या दिवशी कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली टेबलं मांडली. भिंतीशी मोहाच्या खटल्यांतली जप्त मडकी ओळीनं ठेवलेली होती, त्यांच्यासमोर ट्रे आणि चिमटे घेऊन आम्ही नऊ विद्यार्थी. कुंपणाबाहेर अर्धं गाव. सासूबाई आत येऊन पायरीवर बसल्या होत्या. सुनेवर लक्ष ठेवायला, असं त्यांनी कवडूला सांगितलं. मुद्देमालाला जे जे होईल ते टिपायला साहेबांनी कारकून बसवला. कारकून कचेरीत एकच. हे माझ्या टेबलाशेजारी खुर्ची घेऊन बसले, आणि लग्नात बसले होते तसेच घामाघूम झाले.

परीक्षक आले. वाळलेले, उंच, कपाळाला आठ्या. साहेबांनी अदबीनं डबा पुढं केला. त्यांनी वाकायचीही तसदी घेतली नाही. "रेक्टिफाइड स्पिरिट. चांगल्या प्रतीचं आहे."

"तुम्हाले कसं समजलं हो?" अण्णाजींनी पटकन विचारलं.

"जन्म गेला माझा यात हात बुडवण्यात," परीक्षक म्हणाले. "तुमचे कशात बुडाले आहेत?"

अण्णाजी मडक्यांकडे जाऊन उभे राहिले.

कवडूनं एकेक मुशी मोजून दिली. मी पहिल्यांदाच मुशीच्या डोक्याकडे बसले होते. मुशीला हाड नसतं, कूर्चा असते. धारदार पातं असलं की कच्च्या पपईसारखी तासली जाते. मी तासायला घेतली. माणिकच्या स्पिरिटनं काम चोख केलं होतं: मज्जातंतू पांढरेशुभ्र, उठून दिसत होते.

"आरोपीनं डाव्या डोळ्यावरची कातडी काढली," हे पुटपुटत लिहीत होते. "आतून पांढरे दोरे निघाले."

"शेवया करून राह्यली वो!" कुंपणापलीकडून शोभाबाई म्हणाल्या.

परीक्षक माझ्यापाशी थांबले. "मुशीच्या मेंदूतून मज्जातंतूंच्या दहा जोड्या निघतात. माणसाच्या?"

"बारा."

"जास्तीच्या दोन कशाला?"

"एक मान वळवायला, एक जीभ हलवायला."

पुंडलिकरावांनी मान वळवून शोभाबाईंकडे पाहिलं. शोभाबाईंची जीभ चालूच होती.

आता राहिला होता चौथा. हा केसाएवढा बारीक तंतू मेंदूच्या वरून निघतो आणि डोळ्याच्या एका चिमुकल्या स्नायूला जातो. वर्गातल्या मुशीचा तो केव्हाच तुटून गेला होता. मी तो फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. सगळं गाव बघत होतं. माझ्या मनात नरहर आला, चरखा आला, तुटलेलं सूत आलं. मी सुई खाली ठेवली, पदरानं तळवा पुसला आणि मनात म्हटलं, इंदिरे, हे सूत नाई. हे तुले येते.

सुई घातली. तंतू हलला.

"तुटलं वाटते," अण्णाजी म्हणाले. आवाजात फार आशा होती.

तंतूखाली काळा कागद सरकवला की तो दिसतो, पण काळा कागद मी आणलाच नव्हता. मी मान वर केली. ह्यांनी आपल्या चोपडीतला कार्बन काढला, त्याची पट्टी फाडली आणि माझ्या हातात दिली. मी ती हळूच खाली सरकवली. काळ्यावर पांढरा केस उमटला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अख्खा.

परीक्षक वाकले. बराच वेळ वाकून राहिले. "हा चौथा आमच्याकडे पोरं दर वर्षी तोडतात," ते सरांना म्हणाले. "यांची प्रात्यक्षिकाची वही पाहायची गरज नाही. पुढं चला." सरांनी त्या दिवशी पहिल्यांदा चष्मा न पुसता माझ्याकडे पाहिलं.

गाडीची वेळ झाली तसे परीक्षक साहेबांना स्पिरिटचा दाखला लिहून देऊन निघून गेले. पोट्ट्यांचीही कामं बरी झाली होती. त्यांनी मुशी मोजून कवडूला परत दिल्या. राहिल्या पंचांच्या सह्या. सह्यांआधी पंचनामा मोठ्यानं वाचायचा असतो. हे उभे राहिले आणि वाचू लागले. स्वतः लिहिलेलं हे वाचत असताना मी प्रथमच ऐकत होते.

"...येणेप्रमाणे मेंदूतून निघणारे मज्जातंतू आरोपीने न तोडता उघडे केले. चौथा तंतू अखंड असल्याचे दोन्ही पंचांनी समक्ष पाहिले. काम बिनचूक आहे."

ऐकता ऐकता पेंगलेल्या साहेबांनी डोळे उघडले. "प्रभाकरराव, हे शेवटचं कोणी सांगितलं तुम्हाले? काढून टाका."

नोकरीला लागल्यापासून साहेबानं सांगितलेलं ह्यांनी केलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

"साहेब," हे म्हणाले, "पंचनाम्यात खाडाखोड चालत नाही."

कवडूनं चमकून ह्यांच्याकडे पाहिलं.

"मग नवा लिहा."

"नवा लिहायचा तर सगळं पुन्हा घडावं लागेल, साहेब. पंचांच्या समक्ष."

साहेबांनी सोललेल्या मुशींच्या ढिगाकडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे पाहिलं. पायरीवरून सासूबाईंचा आवाज आला, "खोटं काय आहे वो त्याच्यात? मी सोता पाह्यलं." साहेबांनी हात झटकला आणि टाक पुढं केला.

पुंडलिकरावांनी सही केली. अण्णाजी टाक हातात धरून उभे राहिले. सही केली नाही तर साहेबांचा खटला लटकणार होता, आणि साहेब त्यांच्याकडे नजर रोखून बघत होते. सही केली, तर उद्या कमिटीत नरहरचं नाव घेताना आधी स्वतःची सही खोटी म्हणावी लागणार होती. टाकाच्या टोकावर शाईचा थेंब जमत चालला होता.

मी पुढं झाले. बोटांना मुशीचा वास येत होता. मी ती धुतली नव्हती. कागदावर 'बिनचूक'च्या खाली मी बोट टेकवलं.

"इथं," मी म्हटलं. "पूर्ण नाव लिहा, अण्णाजी."